दूरच्या सर्व्हरवरचे बिल आणि टेबलावरचा प्रिंटर : रिमोट डेस्कटॉपमधील छपाईविषयी

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्याच्या कारेलीबागेत शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या कार्यालयातील सर्व्हर जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीच्या लाकडी पाटावर ठेवलेला होता. हिशेबांचा बॅकअप माझ्या घरी होता म्हणून माहिती वाचली. पण यंत्र गेले आणि आठवडाभर आमचे काम पूर्ण बंद पडले. यापुढे सर्व्हर तळमजल्यावर ठेवायचाच नाही असे ठरवून आम्ही मुंबईतील एका डेटा सेंटरमधला सर्व्हर मासिक भाड्याने घेतला, त्यावर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवले आणि आमच्या कार्यालयासह मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत), रावपुरा व दांडिया बाजार येथील सात ग्राहकांना रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरचा संगणक आपल्या पडद्यावर वापरण्याच्या विंडोजच्या सोयीने, त्याला जोडून दिले. काम सुरू झाले आणि पहिल्याच सकाळी प्रश्न उभा राहिला तो छपाईचा. बिल तयार होते मुंबईतल्या यंत्रावर, आणि छापील प्रत हवी असते मकरपुऱ्यात, माल भरून उभ्या असलेल्या टेम्पोच्या चालकाच्या हातात.

हे काम विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये आधीपासूनच असलेली ‘प्रिंटर रिडायरेक्शन’ ही सुविधा करते. त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. वर्षभराहून अधिक काळ आठ ठिकाणी रोज वापरल्यानंतर तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण लहान कारखानदार आणि दुकानदार आता मोठ्या संख्येने भाड्याच्या सर्व्हरवर जात आहेत आणि सर्व्हर विकणारे लोक छपाईविषयी बहुधा एक अक्षरही बोलत नाहीत.

सुविधा सुरू करणे अगदी सोपे आहे. रिमोट डेस्कटॉप कनेक्शनच्या खिडकीत ‘शो ऑप्शन्स’ दाबून ‘लोकल रिसोर्सेस’ या भागात जावे आणि ‘प्रिंटर्स’ पुढच्या चौकटीत खूण करून मग जोडणी करावी. सर्व्हरवर पोहोचल्यावर तिथल्या प्रिंटरांच्या यादीत आपल्या टेबलावरच्या प्रिंटरचे नाव दिसते आणि त्या नावापुढे ‘रिडायरेक्टेड’ हा शब्द व आपल्या सेशनचा, म्हणजे सर्व्हरवरील आपल्या जोडणीचा, क्रमांक असतो. त्याच्यावर छपाईची आज्ञा दिली की ते काम पडद्याचे चित्र ज्या जोडणीतून येते त्याच जोडणीतून उलट्या दिशेने आपल्या संगणकावर येते, आपल्याच प्रिंटरच्या रांगेत उभे राहते आणि कागद बाहेर पडतो. प्रिंटरला इंटरनेटवर आणावे लागत नाही, त्याच्यासाठी वेगळा पोर्ट (नेटवर्कवरचे प्रवेशद्वार) उघडावा लागत नाही, आणि एकाच सर्व्हरवर पंधरा माणसे असली तरी साध्या वापरकर्त्याला दुसऱ्याच्या सेशनमधला प्रिंटर दिसत नाही. दांडिया बाजारातल्या दुकानाचे बिल चुकून मकरपुऱ्यात छापले जाण्याची भीती मला सुरुवातीला फार होती. तसे वर्षभरात एकदाही झालेले नाही.

पूर्वी ही गोष्ट इतकी सरळ नव्हती. ग्राहकाकडे जो प्रिंटर असेल त्याचा ड्रायव्हर (संगणकाला तो प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणारा प्रोग्रॅम) सर्व्हरवरही बसवावा लागे, आणि दोन्हीकडचे नाव जुळले नाही तर प्रिंटर सर्व्हरवर येतच नसे. विंडोज सर्व्हर २००८ पासून ‘ईझी प्रिंट’ आले आणि ही अडचण बहुतांशी संपली. ईझी प्रिंटमध्ये सर्व्हरला आपल्या प्रिंटरची काहीही माहिती लागत नाही. सर्व्हर पानाचे एक्सपीएस या स्वरूपातील चित्र तयार करतो आणि ते आपल्याकडे पाठवतो; ते प्रिंटरला समजेल अशा भाषेत उतरवण्याचे काम आपल्या संगणकावरचा मूळ ड्रायव्हर करतो. छपाईच्या पसंतीची खिडकी उघडली तरी ती आपल्याच ड्रायव्हरची उघडते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी छपाई, ट्रेची निवड, शाई वाचवण्याची सोय हे सगळे नेहमीच्याच जागी सापडते.

लेझर प्रिंटरसाठी ही व्यवस्था इतकी चांगली चालते की आमच्या कार्यालयातील मुलींना आपण दुसऱ्या गावच्या यंत्रावर काम करत आहोत याची आठवणही राहत नाही. ताळेबंद, विवरणपत्रांच्या प्रती, बँकेला द्यायची पत्रे, सगळे जसेच्या तसे येते. मला विशेष समाधान वाटले ते गुजराती अक्षरांचे. रावपुऱ्यातील एका ग्राहकाच्या बिलावर मालाची नावे गुजरातीत असतात आणि त्यांच्या दुकानातील जुन्या संगणकावर तो फाँट नाही. तरीही जोडाक्षरे न तुटता, काना-मात्रा न सरकता बिल छापले जाते, कारण एक्सपीएसच्या पानाबरोबर फाँटही बांधलेला येतो. ज्यांनी भारतीय लिपीतील कागद एका यंत्रावर टाइप करून दुसऱ्यावर छापताना चौकोन आणि प्रश्नचिन्हे पाहिली आहेत, त्यांना या एका गोष्टीचे मोल कळेल.

सर्व्हरवर ड्रायव्हर बसवावा न लागण्याचे आणखी एक मोल २०२१ नंतर वाढले. त्या वर्षीच्या जुलैत विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधील (छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या सेवेतील) ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेला दोष उघड झाला, आणि ऑगस्टमधील सुधारणेनंतर प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यासाठी प्रशासकाचे अधिकार सक्तीचे झाले. ईझी प्रिंट वापरणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. आम्हाला मात्र त्याच प्रकरणाच्या एका पडसादाचा त्रास झाला. ज्यांच्याकडून आम्ही सर्व्हर भाड्याने घेतला त्यांनी सुरक्षेसाठी आपल्या सर्वच सर्व्हरवरील प्रिंट स्पूलर ही सेवा बंद करून ठेवली होती. जिथे छपाई करायचीच नाही तिथे ती बंद ठेवणे शहाणपणाचे आहे. पण स्पूलर बंद असलेल्या सर्व्हरवर कोणाचाही प्रिंटर पोहोचत नाही. आम्ही दोन दिवस केबली बदलल्या, ड्रायव्हर काढून पुन्हा बसवले, आणि त्यांच्या मदत कक्षातून तर मला ग्राहकाचा प्रिंटर बदलून पाहण्याचा सल्ला मिळाला. शेवटी सर्व्हरवरील सेवांची यादी एकेक ओळ करून पाहिली तेव्हा ‘प्रिंट स्पूलर’ समोर ‘डिसेबल्ड’ असे लिहिलेले दिसले. ती सेवा सुरू केली आणि दोन मिनिटांत सगळे प्रिंटर यादीत आले. सर्व्हर भाड्याने देणाऱ्याने आपण काय बंद केले आहे हे आधी सांगायला हवे होते, असे मला आजही ठामपणे वाटते.

आता खरा प्रश्न, डॉट मॅट्रिक्सचा. बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत अजून बहुतेक लहान कारखान्यांच्या डिस्पॅचच्या (माल रवाना करण्याच्या) टेबलावर ९ पिनचा, ८० कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असतो, आणि तो असण्याला कारण आहे. केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम ४८ प्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती काढाव्या लागतात : पहिली खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी पुरवठादाराची. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपेक्षा अधिक असलेल्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) लागू असल्याने तीन प्रतींचे हे बंधन त्या बिलांना नाही. आमचे बहुतेक ग्राहक त्या मर्यादेच्या खाली आहेत. कार्बन लावलेल्या सलग कागदावर एकाच ठोक्यात तिन्ही प्रती निघतात, रिबन स्वस्त असते आणि तेलकट हातांनी हाताळली तरी ती छपाई टिकते.

मकरपुऱ्यातील ज्या वर्कशॉपमध्ये आम्ही प्रथम जोडणी दिली, तिथल्या डिस्पॅच सांभाळणाऱ्या काकांचा तिसऱ्या दिवशी फोन आला. “ताई, बिल येतंय, पण तिसरी प्रत वाचता येत नाही, आणि एका बिलाला एवढा वेळ लागतोय की टेम्पोवाला हॉर्न वाजवत उभा राहतो.” मी प्रत्यक्ष गेले. काकांनी माझ्यासमोर बिल छापले. नेहमी डॉट मॅट्रिक्स एक ओळ एका सपाट्यात टाकतो आणि कागद ओळीच्या उंचीइतका वर सरकतो. इथे मुद्रक-शीर्ष एकाच ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरत होते आणि कागद केसभर केसभर सरकत होता. आवाजही निराळा होता, कापड हळूहळू फाडावे तसा. बिलाला घड्याळ लावून पाहिले तर पावणेदोन मिनिटे लागली. पहिल्या प्रतीवरची अक्षरे बारीक ठिपक्यांची, कडा विस्कटलेली होती. तिसऱ्या प्रतीवर जीएसटी क्रमांकातील ८ आणि ३ यांत फरक करता येत नव्हता.

कारण उघड होते, आणि दोष ईझी प्रिंटचा नव्हता. त्याच्यासाठी नसलेल्या कामाला आम्ही ते लावले होते. डॉट मॅट्रिक्सच्या आत स्वतःची अक्षरे असतात. त्याला ‘A’चा क्रमांक पाठवला की तो स्वतःच्या साच्यातून ‘A’ उमटवतो, अशा प्रकारचे त्याचे काम आहे; फक्त त्याच्या साच्यात इंग्रजी अक्षरे असतात, देवनागरी किंवा गुजराती नसतात. टॅलीमध्ये छपाईचे तीन प्रकार मिळतात, ‘नीट’, ‘डॉट मॅट्रिक्स’ आणि झटपट ‘ड्राफ्ट’, त्यांपैकी शेवटचे दोन याच साच्यांवर चालतात. ईझी प्रिंट मात्र पानाचे चित्र पाठवते, आणि चित्र आले की बिचाऱ्या ९ पिनांना अक्षर सोडून ठिपके मारत बसावे लागते. ठोका हलका पडतो, वेळ वाढतो, कार्बनच्या खालच्या प्रती फिक्या येतात. बारकोडची लेबले छापणारे थर्मल प्रिंटर, ज्यांना प्रोग्रॅम थेट कच्चे आदेश पाठवतो, त्यांचेही याच कारणाने ईझी प्रिंटशी जमत नाही.

उपाय सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीमध्ये, म्हणजे विंडोजची धोरणे ठरवण्याच्या जागी, आहे आणि तो मला फार समंजस वाटला, म्हणून थोडा विस्ताराने सांगते. रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टच्या ‘प्रिंटर रिडायरेक्शन’ या गटात, ईझी प्रिंटचा ड्रायव्हर आधी वापरावा, अशा अर्थाचे एक धोरण असते. ते ‘डिसेबल’ केले की क्रम उलटतो : सर्व्हर आधी आपल्याकडे त्या प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर आहे का ते पाहतो, आणि नसला तरच ईझी प्रिंटकडे वळतो. म्हणजे सर्व्हरवर फक्त डॉट मॅट्रिक्सचा ड्रायव्हर बसवून ठेवावा. त्याला मूळ रस्ता मिळतो, आणि लेझर प्रिंटरांचे ड्रायव्हर तिथे नसल्यामुळे ते सगळे आपोआप ईझी प्रिंटनेच जातात. एकाच बदलात दोघांची सोय होते. अट एवढीच की ग्राहकाच्या संगणकावर प्रिंटरच्या गुणधर्मांतील ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ड्रायव्हरचे जे नाव दिसते, तेच नाव अक्षरशः तसेच सर्व्हरवर असायला हवे. एका ठिकाणी नावात एका जागेचा फरक होता आणि तेवढ्यावरून प्रिंटर पुन्हा ईझी प्रिंटवर गेला. बदल केल्यावर नुसते डिस्कनेक्ट करून चालत नाही, साइन आउट करून पुन्हा यावे लागते. मग सर्व्हरवरच्या त्या प्रिंटरच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात पाहावे : तिथे ईझी प्रिंट लिहिलेले असेल तर काम झालेले नाही, प्रिंटरचे खरे नाव असेल तर झाले.

हे केल्यावर त्याच वर्कशॉपमध्ये, त्याच प्रिंटरवर, त्याच रिबनने बिल छापले. पहिली ओळ पडतानाच ओळखीचा खणखणीत आवाज आला आणि काका म्हणाले, “हां, आता झालं.” वीस सेकंदांच्या आत कागद बाहेर आला आणि तिसरी प्रत मी चष्मा न लावता वाचली.

कागदाच्या मापाकडे मात्र स्वतंत्रपणे लक्ष द्यावे लागते. आपल्याकडे सलग कागद १० बाय १२ इंचांचा मिळतो आणि लहान बिलांसाठी तो मधून फाडून १० बाय ६ करतात. सर्व्हरवर मूळ ड्रायव्हर आला म्हणजे माप ठरवण्याची जबाबदारीही सर्व्हरवर आली. तिथे ए-४ निवडलेले राहिले तर प्रत्येक पानाला प्रिंटर १२ इंचांऐवजी ११.६९ इंचच कागद ओढतो, आणि दहा बिलांत छपाई तीन इंचांहून अधिक वर सरकून छिद्ररेषेवर चढते. सर्व्हरवरील प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये ‘फॉर्म्स’ या भागात जाऊन आपल्या मापाचा नवा फॉर्म तयार करावा आणि प्रिंटरच्या पसंतीत तोच निवडावा. एका ग्राहकाकडे आम्ही हे विसरलो होतो आणि त्यांचा अर्धा खोका कागद वाया गेला; ती चूक सर्वस्वी आमची होती.

प्रिंटरच्या नावापुढे येणारा सेशनचा क्रमांक ही या सुविधेची मला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे. आज जोडणी केली तर क्रमांक ३ असतो, उद्या ७ असू शकतो. जो प्रोग्रॅम प्रिंटरचे पूर्ण नाव लक्षात ठेवतो त्याला दुसऱ्या दिवशी तो प्रिंटर सापडत नाही. यावर उपाय असा की प्रोग्रॅममध्ये नाव न निवडता ‘डिफॉल्ट’ प्रिंटर निवडावा आणि ग्राहकाच्या संगणकावर योग्य प्रिंटर डिफॉल्ट करून ठेवावा. सेशनमध्येही तोच डिफॉल्ट होतो. विंडोज १० पासून डिफॉल्ट प्रिंटर विंडोजनेच सांभाळावा अशी एक सोय आहे, ती मात्र बंद करावी, कारण ती सुरू असताना शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट बनतो. बहुतेक संगणकांवर फॅक्स, पीडीएफ, वननोट असे चार-पाच नावापुरते प्रिंटर असतात, आणि जोडणीच्या वेळी तेही सगळे सर्व्हरवर येऊ पाहतात, त्यामुळे खरा प्रिंटर यादीत दिसायला वेळ लागतो. केवळ डिफॉल्ट प्रिंटरच पाठवण्याचे धोरण लावल्यावर हा विलंब आमच्याकडे जवळजवळ संपला.

इंटरनेटची गती बेताची असली तरी छपाईमुळे पडदा गोठत नाही, कारण जोडणीच्या क्षमतेतील ७० टक्के वाटा पडदा व कळफलक यांना आणि ३० टक्के छपाई, फाइली व क्लिपबोर्ड यांना, असे मूळ प्रमाण ठरवलेले आहे. याचा अर्थ असाही की दोनशे पानांचा लेजर (खातेवही) छापायला काढला तर तो सावकाशच येतो. असे मोठे काम आम्ही पीडीएफ करून, सर्व्हरवर दिसणाऱ्या आपल्याच संगणकाच्या ड्राइव्हवर ठेवतो आणि इकडूनच छापतो. मधेच जोडणी तुटली तर अर्धवट राहिलेले काम हरवते, म्हणून छपाई चालू असताना खिडकी बंद करायची नाही हे प्रत्येक ग्राहकाला बजावून सांगावे लागते. मोबाइलवरून सर्व्हरवर गेल्यास प्रिंटर सोबत येत नाही.

बाजारात याच कामासाठी पैसे देऊन घ्यायचे स्वतंत्र प्रोग्रॅमही आहेत, आणि लेबलांच्या मोठ्या कामासाठी त्यांचा विचार करायला हरकत नाही. आमच्यासारख्यांना, बिले आणि पत्रे छापणाऱ्यांना, मूळ सुविधा पुरेशी आहे. तिला एक पैसाही पडत नाही, मात्र बसवणाऱ्या माणसाचा एक पूर्ण दिवस तिला द्यायला हवा. सर्व्हर भाड्याने घेणाऱ्यांनी करार करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे : स्पूलर सुरू आहे का, सर्व्हरवर प्रशासकाच्या अधिकाराने आपल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवून देणार का, आणि ग्रुप पॉलिसी बदलून देणार का. तिन्हींचे उत्तर ‘हो’ नसेल तर डॉट मॅट्रिक्सवाल्यांनी तिथे जाऊ नये. सर्व्हरचा ३३८९ हा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवत असतील तर कोणीच जाऊ नये. जोडणी व्हीपीएन (इंटरनेटवरचा खासगी, सुरक्षित मार्ग) किंवा गेटवे (मधला राखणदार सर्व्हर) यांमधूनच हवी.

या दिवाळीनंतर लाभपाचमेला वर्कशॉप उघडले, तेव्हा नव्या वर्षाचे पहिले बिल काकांनी कुंकवाचे बोट लावून छापले. आमच्याकडे ज्या नव्या ग्राहकाची जोडणी होते, त्याच्या पहिल्या बिलाची तिसरी प्रत मी आता मागवून घेते, तिच्यावर प्रिंटरचे नाव, ड्रायव्हरचे नाव आणि कागदाचे माप हाताने लिहिते आणि ती त्यांच्या फायलीत लावते. फायली आता पहिल्या मजल्यावरच्या कपाटात असतात.